गौतमीपुत्राच्या अंगावर काय होते?

नाशिकच्या पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गेले की ओसरीच्या मागच्या भिंतीवर, दाराच्या वरच्या अंगाला, ब्राह्मी अक्षरांच्या लांबलचक ओळी दिसतात. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या कारकिर्दीचे एकोणिसावे वर्ष, ग्रीष्माचा दुसरा पक्ष, तेरावा दिवस, अशी मिती त्यावर आहे. लेख पुळुमावीच्या आजीचा, गौतमी बलश्रीचा. तिने हे लेणे भद्रायणीय भिक्षूंना दिले आणि देताना आपल्या मुलाची, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची, प्रशस्ती कोरून घेतली. महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासात एका राजाबद्दल इतके सविस्तर लिहिलेला दुसरा लेख दाखवणे कठीण आहे.

रामकृष्ण गोपाळ भांडारकर, भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर, सेनार, मिराशी अशा मोठमोठ्यांनी हा लेख वाचला. त्यातले प्रदेश, पर्वत, शकांचा पराभव, पुळुमावीचा काळ यांवर शाई खर्च झाली आणि ती योग्यच होती. मी मात्र तो एका क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नासाठी वाचून काढला. हा राजा नेसत काय होता, पांघरत काय होता, डोक्याला काय बांधत होता?

उत्तर लेखात नाही. आणि ते किती ठळकपणे नाही, हे लेख ओळीने वाचल्याखेरीज लक्षात येत नाही. कारण राजाच्या शरीराचे वर्णन तर भरपूर आहे. सूर्यकिरणांनी उमललेल्या कमळासारखा चेहरा. पूर्ण चंद्रबिंबासारखे लोभस रूप. उत्तम हत्तीसारखी चाल. नागराजाच्या वेटोळ्यासारखे भरदार, गोल, लांब बाहू. मग हात: अभयाचे उदक देऊन देऊन ओला झालेला. सगळ्या मांडलिकांनी वंदन केलेले पाय. चेहरा, चाल, दंड, हात, पाय, म्हणजे नखशिखान्त वर्णन, पण त्यात ना मुकुट, ना पागोटे, ना उत्तरीय, ना शेला. एकमेव धनुर्धर म्हटले आहे, म्हणजे शस्त्राची आठवण आहे. वस्त्राची नाही.

चुकतो आहे. एक वस्त्र आहे: पताका. कोणी जिंकू न शकलेली विजयपताका ज्याच्या नगरावर आहे असा तो राजा, असे एक विशेषण येते. अख्ख्या प्रशस्तीत कापड काय ते एवढेच, आणि तेही राजाच्या अंगावर नाही.

‘प्रशस्तीत कपडे कशाला येतील?’ असे कोणी म्हणेल. त्याने इजिप्तकडे नजर टाकावी. इसवी सनापूर्वी ३१००च्या सुमाराची नारमेर राजाची पाटी हिएराकोन्पोलिस इथे सापडली. त्या पाटीच्या एका बाजूला राजाच्या डोक्यावर वरच्या इजिप्तचा पांढरा मुकुट आहे, दुसऱ्या बाजूला खालच्या इजिप्तचा तांबडा. दोन मुकुट म्हणजे दोन देश. कमरपट्ट्याला मागे बैलाचे शेपूट लटकते, कारण राजा म्हणजे बलदंड वळू. त्याच्या वहाणा हातात धरून एक सेवक मागे उभा आहे. राजाच्या वहाणा हा स्वतंत्र हुद्दा ठरावा इतकी ती बाब मोठी होती. पुढची तीन हजार वर्षे ही भाषा फारशी बदलली नाही. आखूड, चुणीदार वस्त्र, कपाळावर फणा काढलेली नागीण, हनुवटीला बांधलेली खोटी दाढी. ज्याच्या अंगावर हे चढले तो राजा. हत्शेप्सुत ही स्त्री इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकात फॅरोहा झाली, तेव्हा तिने आपल्या अनेक शिल्पांत पुरुष राजाचे तेच वस्त्र आणि तीच दाढी धारण केलेली दिसते. पदाचा पोशाख आधी ठरलेला होता, व्यक्ती त्यात येऊन उभी राहत होती.

बलश्रीची गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहे. ती राज्यावर बसली नाही, तेव्हा तुलना ताणू नये. पण आपली ओळख सांगायची वेळ आली तेव्हा तिने कोणती चिन्हे निवडली? महादेवी, महाराजाची माता, महाराजाची आजी, ही नाती तिने सांगितली. त्यानंतर सत्यवचन, दान, क्षमा, अहिंसा यांत रमलेली. तप, दम, नियम, उपवास यांत तत्पर. ‘राजर्षिवधू’ हा शब्द पूर्णपणे आचरणारी. दागिना एकही नाही. नाणेघाटातली नागनिका तिच्या कितीतरी आधीची; तिचा लेखही महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तापसीसारखी वागणारी, व्रतस्थ अशीच तिची ओळख देतो. दोन सातवाहन राण्या, दोन लेख, दोन वेगळे धर्मव्यवहार (एकीचे वैदिक यज्ञ, दुसरीचे भिक्षुसंघाला दान), आणि दोघींनीही मिरवायला निवडला तो संयम. मला हा योगायोग वाटत नाही. या घराण्यातल्या स्त्रियांचे अधिकृत राजचिन्ह कोणते, असे विचारले तर उपवास हे उत्तर लेखांच्या आधाराने देता येईल.

लेखात नसलेले पोशाखाचे तपशील दुसरीकडे मिळतात का? पहिला साक्षीदार शत्रुपक्षाचा आहे.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. नाणी १३,०००हून अधिक, सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या ९,०००हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला. रेव्हरंड स्कॉट यांनी हा साठा तपासून १९०८मध्ये त्यावर लिहिले. मूळ नाण्यावर नहपानाचे उजवीकडे पाहणारे मस्तक आहे, भोवती बिघडत गेलेली ग्रीक अक्षरे. मागे बाण आणि वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठीत राजाचे नाव. राजाचे मस्तक नाण्यावर घालायची ही रीत ग्रीकांकडून आलेली. स्कॉट यांना एक गंमत जाणवली होती. नाण्यांवरचे चेहरे एकमेकांशी जुळत नाहीत. कुठे तरुण, कुठे सुरकुतलेला, नाकेही निरनिराळी. म्हणजे चेहऱ्यावरही भिस्त ठेवता येत नाही, आणि चित्र मानेशीच संपत असल्याने अंगावरच्या कपड्याचा प्रश्न तसाच राहतो.

गौतमीपुत्राने त्या नाण्यांचे काय केले ते अधिक बोलके आहे. त्याने नहपानाच्या तोंडावर स्वतःचे तोंड ठोकले नाही. एका बाजूला कमानींचा डोंगर, ज्याला नाणेशास्त्रज्ञ चैत्य म्हणतात, आणि दुसऱ्या बाजूला चार गोळ्यांचे उज्जयिनी चिन्ह, असा त्याचा ठसा आहे. कित्येक नाण्यांवर त्या कमानींखालून नहपानाचे नाक किंवा हनुवटी अजून डोकावते. ‘क्षहरात वंश निःशेष करणारा’ हे बलश्रीच्या लेखातले विशेषण हातात घेऊन पाहायचे तर ते असे. सातवाहनांनी स्वतःच्या मस्तकाची चांदीची नाणीही पाडली, पुळुमावीची आहेत, यज्ञ सातकर्णीचीही आहेत. पण ती संख्येने थोडी. घराण्याच्या नेहमीच्या नाण्यांवर हत्ती, डोंगर, झाड, चिन्ह असते. राजा नसतो.

दुसरा साक्षीदार खुद्द इजिप्तचा आहे, आणि या सगळ्या शोधात मला सर्वांत मौजेचा वाटला तो हाच.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहितीपुस्तिका लिहिली. आपण तिला ‘पेरिप्लस’ म्हणून ओळखतो. लेखकाचे नाव माहीत नाही, पण माणूस हिशोबी आहे. कोणत्या बंदरात काय खपते, काय मिळते, कोणत्या महिन्यात निघावे, हे तो सांगतो. बारिगाझा, म्हणजे आपले भडोच, इथे जायचे तर इजिप्तमधून जुलैच्या सुमारास निघावे, असा त्याचा सल्ला. महिन्याचे इजिप्ती नावही तो देतो. त्या प्रदेशाच्या राजाचे जे नाव त्याच्या हस्तलिखितात आले आहे ते नहपानाचे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. भडोचला आयात होणाऱ्या मालाच्या यादीत तऱ्हेतऱ्हेचे साधे कापड आहे, आणि हातभर रुंदीचे रंगीबेरंगी कमरपट्टे आहेत. त्यानंतर तो राजासाठी न्यायच्या वस्तू वेगळ्या काढतो: महागडी चांदीची भांडी, गाणारी मुले, अंतःपुरासाठी देखण्या मुली, उंची मद्य, अत्यंत तलम वस्त्रे आणि उत्तम सुगंधी लेप.

यादी वाचून मन प्रसन्न होत नाही. गाणारी मुले आणि मुली त्यात भांड्यांच्या आणि मद्याच्या रांगेत मोजलेल्या आहेत. पण आपल्या प्रश्नापुरते पाहायचे तर पश्चिम भारतातल्या राजाच्या कपाटात काय होते, याची लेखी नोंद इथे आहे. नहपानाच्या अंगावर इजिप्तच्या बंदरांतून निघालेल्या जहाजाने आणलेले तलम वस्त्र असण्याची शक्यता कागदोपत्री आहे. आणि भडोच हे बंदर नाशिकच्या डोंगराला परके नाही. नहपानाचा जावई उषवदात याने दहाव्या लेण्यातल्या आपल्या लेखात भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे धर्मशाळा बांधल्याचे सांगितले आहे. भरुकच्छ म्हणजे तेच बारिगाझा, आणि गोवर्धन म्हणजे या डोंगराच्या परिसरातले तेव्हाचे शहर. व्यापारी ज्या गोदीवर उतरला तिथली धर्मशाळा नाशिकच्या दगडात नोंदलेली आहे.

कापड उलट दिशेनेही गेले. पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या दोन पेठा पेरिप्लसमध्ये येतात. तगराहून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांतून भडोचला येत असे. इजिप्तच्या तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर बेरेनिके इथे झालेल्या उत्खननात भारतीय सुती कापडाचे तुकडे मिळाले. ते आपल्या कुठल्या मागावरचे, हे सांगता येणार नाही. राजासाठी तलम वस्त्र तिकडून इकडे आणि बाजारासाठी सुती कापड इकडून तिकडे, एवढी देवाणघेवाण मात्र पक्की आहे.

आता त्याच दहाव्या लेण्यात थोडे थांबू, कारण नाशिकच्या डोंगरावर वस्त्रांचा सविस्तर हिशोब आहे तो इथे. फक्त ती वस्त्रे राजाची नाहीत.

वर्ष ४२, वैशाख महिना. उषवदात हे लेणे संघाला देतो आणि ३,००० कार्षापणांची ‘अक्षयनीवी’ ठेवतो, म्हणजे मुद्दल कधीही परत मागायचे नाही, व्याज तेवढे खायचे. ही रक्कम गोवर्धनातल्या दोन श्रेणींकडे ठेवली. दोन्ही कोलिकांच्या, म्हणजे विणकरांच्या. एका कोलिक निकायाकडे २,०००, दर शेकडा एक. दुसऱ्याकडे १,०००, दर शेकडा पाऊण. दोन हजारांच्या व्याजातून या लेण्यात वर्षावास केलेल्या प्रत्येक भिक्षूला बारा कार्षापण ‘चिवरिक’, म्हणजे चीवराचा, भिक्षूच्या वस्त्राचा, खर्च. हजाराच्या व्याजातून ‘कुशणमूल’, ज्याच्या अर्थाबद्दल विद्वानांची अजून ओढाताण चालते.

गणित मांडून पाहा. दर महिना शेकडा एक धरला तर दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला २४०. भागिले बारा. वीस भिक्षू. लेखातही भिक्षूंची संख्या वीसच दिली आहे, आणि आकडे इतके नेमके बसतात की दर मासिक होता, असे धरायला हरकत नसावी. मग हा सगळा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला, हेही लेखात आहे. आजच्या भाषेत मुदत ठेव, व्याजदर, लाभार्थी, सभेपुढे वाचन आणि दप्तरी नोंद. एका गोवर्धनात विणकरांच्या दोन वेगळ्या श्रेणी, आणि परक्या क्षत्रपाच्या जावयाने हजारो कार्षापण बिनधास्त सोपवावेत अशी त्यांची पत, हे वाचल्यावर येवल्याच्या मागांचा खडखडाट आठवतो. दोहोंमध्ये सरळ धागा ओढण्याइतका पुरावा नाही, पण आठवण येते खरी.

म्हणजे या डोंगरावर सत्ता कापडाशी जोडलेली आहेच, पण उलट्या अंगाने. सत्ताधाऱ्याने अंगावर काय घातले ते दगडावर आले नाही. त्याने दुसऱ्याच्या अंगावर काय घातले ते आले, तेही व्याजाच्या दरासकट. नाणेघाटच्या लेखातही यज्ञांच्या दक्षिणांमध्ये गायी, घोडे, हत्ती, कार्षापण यांबरोबर ‘पट’, म्हणजे वस्त्रे, मोजलेली आहेत. गौतमीपुत्राचा ओला हात इथे पुन्हा आठवावा. दान देताना हातावर पाणी सोडतात. प्रशस्तीकाराने राजाचे चिन्ह म्हणून मुकुट निवडला नाही, ते पाणी निवडले.

हिंदुस्थानात सगळीकडेच असे होते, असे मात्र नाही. मथुरेजवळ माट इथे सापडलेला कनिष्काचा पुतळा पाहावा. मस्तक तुटून गेले आहे. उरला आहे तो पायघोळ जाड अंगरखा आणि भलेमोठे बूट. राजाचे नाव आणि बिरुदे कोरली आहेत ती त्या अंगरख्याच्या खालच्या घेरावरच. डोके नसले तरी राजा ओळखू येतो, कारण पोशाख हाच राजा. नारमेरला हे पटले असते.

सातवाहनांकडे याच्या नेमके उलट घडले. नाणेघाटच्या गुहेत मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या प्रतिमा होत्या. प्रत्येकीच्या वर नाव कोरलेले: राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका (म्हणजे नागनिकाच) आणि राजा श्री सातकर्णी, कुमार, महारठी. नावे आहेत, प्रतिमा गेल्या. तळाशी पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या. कपड्यांचा पुरावा जिथे असायला हवा तिथेच नेमका नाहीसा व्हावा, हे दैव.

नावासकट सातवाहन राजे पाहायचे तर महाराष्ट्राबाहेर, कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यातल्या कनगनहळ्ळीला जावे लागते. तिथल्या स्तूपाच्या शिल्पपट्टांवर ‘राया असोको’ आहे आणि सातवाहन राजेही आहेत. एका पट्टाचा लेख सांगतो की राजा सातकर्णी महाचैत्याला चांदीची कमळे अर्पण करतो आहे. दुसऱ्याचा लेख, राजा पुळुमावी उज्जयिनी देतो आहे. दोन्ही प्रसंग देण्याचेच. अशोकाच्या पट्टात छत्र आणि चामर धरलेले सेवक आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दारातली भव्य जोडपी, अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातला परिवारासह आलेला राजा आणि हे पट्ट एकत्र ठेवले तर पेहरावाचा अंदाज बांधता येतो. कमरेला नेसलेले न शिवलेले वस्त्र, त्यावर गाठ मारलेला पट्टा, वरचे अंग उघडे किंवा खांद्यावर उत्तरीय, केसांसकट गुंडाळलेले, मोठ्या गाठीचे पागोटे, कानांत आणि दंडांवर जड दागिने. पण हाच पेहराव दात्या श्रेष्ठीचाही आहे. राजा ओळखायचा तो त्याच्या डोक्यावर दुसऱ्याने धरलेल्या छत्रावरून.

म्हणून २०१७ साली आलेल्या तेलुगू चित्रपटातला चिलखत चढवलेला सातकर्णी, किंवा आपल्या चित्रांतला टोकदार मुकुटाचा सातकर्णी, दोन्ही पाहायला छान, पण पुराव्याला धरून नाहीत. लेखांच्या आणि शिल्पांच्या आधाराने उभा राहतो तो न शिवलेल्या वस्त्रातला, पागोटे बांधलेला, ओल्या तळहाताचा माणूस.

आता पुन्हा बलश्रीच्या तिसऱ्या लेण्याकडे येऊ. त्याला नहपानाच्या जावयाच्या दहाव्या लेण्याचे रूप दिले आहे. खांबांचा घाट, घंटेच्या आकाराची शीर्षे, वरचे प्राणी, दोन्हीकडे इतके सारखे की एकाने दुसऱ्याचे पाहून केले हे उघड आहे. शत्रूची नाणी मोडली नाहीत, त्यांवर ठसा मारला. शत्रूचे लेणे पुसले नाही, त्याच्यासारखे दुसरे खोदले. त्याच तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत, पूर्वेच्या भिंतीवर, गौतमीपुत्राचा अठराव्या वर्षाचा हुकूम आहे. वैजयंतीच्या सेनेच्या विजयी छावणीतून निघालेला, आजवर उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत भिक्षूंना देणारा. त्याखाली चोविसाव्या वर्षाचा दुसरा: दिलेले शेत पडीक आहे, गाव ओस आहे, सबब नगराच्या सीमेवरचे १०० निवर्तने द्यावेत. या हुकमात राजाबरोबर त्याची आई आहे आणि तिला ‘जीवसुता’ म्हटले आहे, जिचा पुत्र जिवंत आहे ती. पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षीच्या लेखात तो शब्द नाही.

त्या शेवटच्या लेखाच्या अखेरीस पुळुमावी आजीच्या लेण्यासाठी तिरण्हु पर्वताच्या नैर्ऋत्येचे पिसाजिपदक गाव देतो. कारण दिले आहे ‘चितण’. चित्रण, म्हणजे लेणे रंगवणे, सजवणे. राजाचे कपडे कोणत्या रंगाचे होते हे सांगू शकली असती ती भिंत हीच. आज त्या भिंतीवर चित्र नाही, अक्षरे आहेत.